डब्यातले दोन ठोके

“ठोकल्यावर उत्तर आलं म्हणजे गाडीच्या डब्यातला माणूस ठीक आहे, असं धरू नको हां, रसिका,” येसूकाका गाडीखालून म्हणाले. “ऊन चढलं की पत्रा आपोआप पण वाजतो. दार उघडायचं आणि डोळ्यांनी बघायचं.”

“बरं, बघेन. आधी बाहेर या, चहा निवतोय!” मी ओरडून सांगितलं.

काकांशी ओरडूनच बोलावं लागे. आयुष्यभर पत्र्यावर हातोडी मारून त्यांचे कान गेले होते. मुक्ता माझ्या कडेवर होती, नुकती पावलं टाकायला लागलेली, आणि तिचा एक हात सारखा गाडीच्या चाकाकडे जात होता. माझं सगळं लक्ष त्या हाताकडे. काकांचं बोलणं मी या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

येसूकाका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. बिनलग्नाचे. हर्णै बंदरापासून थोडं आत आमची वाडी, घरामागे तीन बाजूंनी उघडी पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये आमचा ट्रक. बंद डब्याचा. बर्फात घातलेली मासळी घेऊन तो घाट चढून पुण्याला जायचा. बर्फ वितळतो, त्याचं खारं पाणी डब्याच्या तळातून झिरपतं, खाली चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, ठिबकतं आणि खाचाखोचांत बसून राहतं. बंदरावरच्या कुठल्याही जुन्या गाडीखाली वाकून बघा, चहात भिजलेल्या बिस्किटासारखं लोखंड हातात येतं. आमच्या गाडीचं येत नव्हतं, ते काकांमुळे. प्रत्येक खेपेनंतर ते गोड्या पाण्याने चासी धुवायचे, गंज दिसेल तिथे पट्टीने खरवडायचे, लाल प्रायमरचा हात द्यायचे आणि तो सुकला की वरून जळकं ऑइल चोळायचे.

काका गाडीखालून सरपटत बाहेर आले. कोपरापर्यंत काळे.

“बघ गो, बघ,” ओट्यावरून आप्पा, म्हणजे माझे सासरे, मला म्हणाले. “चासीला मालिश करतो तासन् तास. स्वतःच्या अंगाला दिवाळीला तरी तेल लावतो काय विचार.”

“त्याची बायकोच ती,” माझा नवरा जितू म्हणाला. “रोज न्हाऊ घालतो.”

दोघे हसले. काकांना ऐकू गेलं नसावं, पण हसणारी तोंडं दिसली, म्हणून तेही हसले. मग बशीत चहा ओतून घेतला आणि मुक्ताच्या हातातल्या स्टीलच्या वाटीकडे बोट केलं. मुक्ता याचीच वाट बघत होती. तिने वाटी गाडीच्या पत्र्यावर दोनदा आपटली. काकांनी पत्र्यावर तळवा टेकवला होता. तळव्याला हादरा कळला की ते ब्रशच्या लाकडी मुठीने उलट दोन ठोके द्यायचे. ठप्, ठप्. जाड, बसका आवाज. मुक्ता खिदळली. या दोघांचा हा रोजचा खेळ होता.

“उद्यापासून डबा आतून रंगवायचाय,” काका माझ्याकडे बघत म्हणाले. “मला हाक ऐकू येत नाही. तू मधेमधे ठोकत जा. जितूवर सोपवू नको.”

“त्यांना काय झालं?” मी विचारलं.

काका बशी खाली ठेवून पुन्हा गाडीखाली सरकले. मला वाटलं, ऐकू आलं नसेल.

*

मे संपत आला होता. बोटी किनाऱ्यावर ओढल्या होत्या, गाडीला खेप नव्हती. शेड उघडी, म्हणून पाऊस यायच्या आत डब्याला आतून रंगाचे दोन्ही हात मारून सुकवायला हवे होते.

रंगाचं आप्पांना वेड होतं, आणि त्याला कारण होतं. आदल्या वर्षी काकांनी दारं उघडी ठेवून प्रायमर मारला. दुपारी समुद्राकडून वारा सुटला. आमच्याकडचा वारा नुसता वारा नसतो. कपडे वाळत घातले तरी संध्याकाळी त्यांना मीठ लागतं. ते मीठ ओल्या प्रायमरवर बसलं आणि पावसाळा सरायच्या आत रंग तापलेल्या दुधावरच्या सायीसारखा उचलला गेला. खाली गंजाचे पोपडे.

तेव्हा आप्पांनी वाडीतल्या माणसांदेखत उरलेला प्रायमरचा डबा काकांच्या डोक्यावर उपडा केला होता. “या, दर्शन घ्या, आमचा मारुती शेंदूर लावून बसलाय!” जितूने फोटो काढला. लोक हसले. खोटं कशाला सांगू, मी सोडून सगळे हसले. मी मागच्या पडवीत काकांना पाटावर बसवून खोबरेल तेलाने त्यांचं कपाळ पुसत राहिले. केसांच्या मुळाशी तो लाल रंग गणपतीपर्यंत तसाच होता.

म्हणून या वर्षी आप्पांनी काकांच्या कानाशी ओरडून फर्मावलं, “दारं लावून रंगवायचं. वाऱ्याचा कण आत जाता कामा नये.”

“मधे एकदा उघडाल ना?” काकांनी विचारलं.

“का? तुला आत हवा खायला धाडतोय?”

“थिनरचा वास डोक्यात जातो, दादा.”

“आहे काय डोक्यात तुझ्या, वास जायला?”

जितू मोठ्याने हसला. काका बॅटरी, ब्रश आणि प्रायमर घेऊन डब्यात चढले. मागची दोन्ही दारं आप्पांनी स्वतः ओढली. बर्फ टिकावा म्हणून त्या दारांना चहूबाजूंनी जाड रबर असतं. बंद झाली की फट म्हणून राहत नाही. वरून आप्पांनी लोखंडी दांडा अडकवला. डब्याच्या तळाला पाणी जायचं एक भोक होतं, त्यातही वाकून चिंधी कोंबली.

मी हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. त्या खिडकीतून शेड समोर दिसते. मला बघत राहायची सवयच होती. मुक्ता जन्मली तेव्हापासून तर फारच. ती झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास लागतो का पाहायची. छाती वरखाली होताना दिसत असे, तरी बोट धरल्याशिवाय मला चैन पडत नसे. जितू सगळ्यांना हे नक्कल करून दाखवायचा.

भात लावला आणि जाऊन डब्याच्या दारावर ठोकून आले. ठप्, ठप्. उत्तर आलं. मासळी साफ केली, पुन्हा गेले. उत्तर आलं, पण उशिरा. वास बाहेरपर्यंत यायला लागला होता, म्हणून मुक्ताला मी घरातच ठेवलं.

त्यानंतर कोणी न ठोकताच आतून आवाज सुरू झाला. भराभर, खालून, दारापाशी. मी खिडकीतून ओरडले, “आप्पा, काका ठोकतायत!”

आप्पा शेडच्या सावलीत ताडपत्री शिवत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “कंटाळलाय. अर्धं काम टाकून पळायची जुनी खोड त्याची.”

“अहो, तुम्ही बघा ना जरा,” मी जितूला म्हटलं. तो गाडीला टेकून मोबाइल बघत होता.

“बघतो गं,” म्हणाला आणि बघत राहिला, मोबाइलमध्ये.

मग आवाज थांबला.

गॅस बंद करून मुक्ताला उचललं आणि शेडमध्ये गेले. दारावर ठोकलं. काही नाही. पुन्हा ठोकलं.

“दार उघडा,” मी म्हटलं.

“पहिला हात ओला आहे,” आप्पा म्हणाले. “वारा बघतेस ना कसा सुटलाय?”

“काका उत्तर देत नाहीयेत.”

“आहे बहिरा, देईल काय उत्तर?”

“मघाशी देत होते.”

“दाराला रबर आहे, इथून त्याला कळत नाही,” जितू म्हणाला आणि मोबाइल खिशात टाकून सरळ झाला. “थांब, पुढून ठोकतो. तू इथेच थांब, पोरीला घेऊन कुठे वंगणातून येतेस.”

तो गाडीला वळसा घालून पलीकडे गेला, केबिनकडच्या बाजूला. तिथून त्याने मूठ मारली, धाड्, धाड्. क्षणभर काही नाही. मग दोन ठोके आले. टक्, टक्.

“ऐकलंस?” जितू परत येत म्हणाला. “आहे तुझा काका. आता त्याच्या पण नाकाखाली बोट धरायचं असेल तर सांग.”

आप्पा सुई बाजूला ठेवून हसले. “शिकलेली सून आणली, वाटलं हिशेबाला उपयोगी पडेल. ही निघाली घरभर श्वास मोजणारी.”

मला लाज वाटली. मी परत फिरले. ओट्याच्या पायरीपर्यंत गेले, आणि तिथे जितूचं तेच वाक्य मला पुन्हा ऐकू आलं. नाकाखाली बोट. छाती हलताना दिसते तरी मी बोट धरते ना? मग इथे तर मी काहीच पाहिलं नव्हतं. डोळ्यांनी बघायचं, काका म्हणाले होते.

मुक्ताला कडेवर घट्ट धरून मी धावत मागे आले आणि एका हाताने दारावरचा दांडा उचलायला लागले.

“ए! ए, रंग!” आप्पा ओरडत उठले. जितूने माझा दंड धरला. मुक्ता किंचाळली म्हणून त्याने हात सोडला, तेवढ्यात दांडा सुटला.

दार मला ओढावं लागलं नाही. आतून ते ढकललं गेलं, कारण काका त्याला टेकून होते. ते खांद्यावर कलंडत बाहेर आले, अर्धं अंग डब्यात, अर्धं लोंबकळत. एक गाल, एक हात आणि छाती प्रायमरने लालभडक. नखांत काळं रबर. दाराच्या खालच्या कोपऱ्यातलं रबर त्यांनी बोटांनी ओरबाडून काढलं होतं, जिथून थोडी हवा येईल असं त्यांना वाटलं असेल. दुसऱ्या मुठीत ब्रश तसाच आवळलेला.

आप्पांनी वाकून बघितलं. काकांकडे नाही, दाराकडे.

“रबर फाडलान मेल्याने!”

मग काकांच्या अंगावरून पाय टाकून ते वर चढले आणि बॅटरी मारून तळाचा पत्रा बघायला लागले. “जितू, याला खाली घे आणि दारं लाव. वारा जातोय आत. लाव म्हणतो ना!”

जितूने काकांना खाली ओढलं. मी मुक्ताला जमिनीवर बसवलं आणि काकांच्या नाकाखाली बोट धरलं. फार वेळ काही लागलं नाही. मग अगदी बारीक, केस हलावा इतकी, हवा लागली.

“जिवंत आहेत,” मी म्हटलं.

माझ्यामागे आप्पा खाली उतरल्याचा आणि दांडा पुन्हा अडकवल्याचा आवाज आला.

*

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय झालं. मी तोंड उघडायच्या आत जितू म्हणाला, “पितो तो, डॉक्टर. पिऊन डब्यात झोपला. दार वाऱ्याने लागलं असेल.”

काकांनी दारूला कधी हात लावला नव्हता. मी तसं सांगितलं. जितू डॉक्टरांकडे बघून हसला, “घरात बायकांना माहीत नसतं, साहेब.” डॉक्टरही थोडे हसले.

काका घरी आले, पण बोलणं गेलं होतं. चमचा तोंडाशी नेताना सांडायचा. आप्पांनी त्यांचा बिछाना पडवीतून उचलून शेडमध्ये गाडीशेजारी टाकला. “वास मारतो,” म्हणाले. रंगाला दापोलीहून माणूस बोलावला. दाराच्या आतल्या बाजूला काकांच्या ओल्या हातांचे ठसे उमटले होते, वरपासून खाली घसरत आलेले. त्या माणसाने विचारलं, “हे घासून काढू?” आप्पा म्हणाले, “कशाला? वरून दुसरा हात मार. झाकलं जाईल.” आणि मग कितीतरी दिवस, कोण भेटेल त्याला सांगत राहिले की येश्याने पहिला हात फुकट घालवला.

काकांना एक गोष्ट मात्र उरली होती. ब्रश. तो त्यांनी हातातून सोडला नाही. मुक्ता वाटी घेऊन गाडीवर आपटायला लागली की त्यांचा हात थरथरत पत्र्याकडे जायचा आणि उलट दोन ठोके यायचे. ठप्, ठप्. आधीपेक्षा हळू, पण तेच लाकूड, तोच बसका आवाज.

एका सकाळी काका झोपले होते. मुक्ताने वाटी आपटली, उत्तर आलं नाही, म्हणून ती भोकाड पसरून रडायला लागली. मी घरातून येईपर्यंत जितू तिथे होता. तो गाडीच्या पलीकडे लपला आणि त्याने पत्र्यावर ठोकलं.

टक्, टक्.

मुक्ता गप्प झाली. मी जिथे होते तिथेच उभी राहिले.

जितूच्या बोटात घोड्याच्या नालेची लोखंडी अंगठी होती. शनीसाठी. गाडीवाले घालतात तशी. लोखंडाचा पत्र्यावर आवाज वेगळा येतो. कडक, पातळ. त्या दुपारी डब्यातून आलं होतं ते उत्तर लाकडाचं नव्हतं.

जितू गाडीमागून बाहेर आला आणि माझं तोंड बघून थांबला.

“त्या दिवशी पण तूच ठोकलंस,” मी म्हटलं. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्याला अरे-तुरे केलं होतं.

“काय बोलतेस?”

“पलीकडे जाऊन. आधी मुठीने, मग अंगठीने.”

तो मुक्ताला उचलायला वाकला. “तू जाईनास म्हणून ठोकलं. आप्पा तापले होते.”

“काका गप्प झालेत, हे तुला माहीत होतं?”

“झोपला असेल म्हटलं.”

“झोपले असतील तर उत्तर तू का दिलंस?”

त्याने मुक्ताला कडेवर घेतलं, तिचं नाक पुसलं. अगदी मायेने. मग म्हणाला, “अजून थोडा वेळ मिळाला असता तर पहिला हात सुकला असता, रसिका. तुझ्यामुळे ना रंग राहिला, ना तो धड सुटला.”

बिछान्यावर काका डोळे उघडे ठेवून पडले होते. किती वेळ जागे होते, माहीत नाही.

*

मी ते घर सोडायचं ठरवलं तेव्हा आप्पांना म्हटलं, काकांना मी घेऊन जाते. चिपळूणला माझ्या आईकडे जागा आहे, मी नोकरी करेन, त्यांचं सगळं बघेन.

आप्पा सुपारी कातरत होते. “ने की. येश्याला ने, पोरगी ठेव. एक तू ने, एक आम्ही ठेवतो. जितू, बरोबर ना?”

“बरोबर,” जितू म्हणाला.

ते दोघे हसले नाहीत, म्हणून मला कळलं की हे खरं आहे.

मी मुक्ताला घेऊन निघाले. काकांच्या बिछान्याशी वाकले आणि त्यांचा तळवा धरला. त्यांनी माझ्या कांकणावर ब्रशची मूठ टेकवली. ठोकली नाही, नुसती टेकवली.

पोलिसांत गेले होते. त्यांनी दवाखान्याचा कागद दाखवला. त्यावर दारूचं लिहिलेलं होतं. एकदा आईला घेऊन काकांना भेटायला गेले, तर आप्पांनी फाटक उघडलं नाही. त्याच रात्री जितूचा फोन आला आणि मुक्ता कुठल्या शाळेत जाते, कोण तिला आणतं-सोडतं, हे त्याने मी न विचारता सांगितलं. त्यानंतर मी त्या वाडीत पाय ठेवलेला नाही.

फोन मात्र करते. “काका कसे आहेत?” विचारलं की जितू म्हणतो, “थांब,” आणि शेडमध्ये जातो. मला त्याच्या चपला ऐकू येतात. मग तो पत्र्यावर मूठ मारतो आणि फोन पुढे धरतो. बरीच वर्षं उत्तर येत होतं. ठप्, ठप्. मी मुक्ताला ऐकवायची. ती आता मोठी झालीय, वाटी आपटत नाही, पण ऐकताना तिचं बोट टेबलावर दोनदा वाजायचं.

गेल्या महिन्यात मी फोन केला. चपला वाजल्या. मूठ मारल्याचा आवाज आला. क्षणभर काही नाही. मग टक्, टक्.

“ऐकलंस?” जितू म्हणाला. “मजेत आहे.”

“पुन्हा ठोकायला सांग,” मी म्हटलं.

पुन्हा टक्, टक्. कडक, पातळ.

तेव्हापासून तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तेच.

हे वाचणारं कोणी हर्णैच्या बाजूला जाणार असेल, तर एवढं करा. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर हिरव्या फाटकाचं घर आहे, मागे पत्र्याची शेड. तिथे जा, आणि येसूकाकांना बघायला आलोय म्हणून सांगा. घरातले म्हणतील, ठीक आहे तो. ते ठोकून दाखवतील, उत्तरही येईल. त्या उत्तरावर परत फिरू नका. आत जा, बिछान्यापाशी वाका, आणि त्यांच्या नाकाखाली बोट धरून बघा.